बाबांचं बोट आणि टेबलाची ओळ

बाबांनी वाशिमच्या बाजार समितीत विकलेल्या सोयाबीनच्या पट्ट्या मी एका टेबलात भरल्यात. एक ओळ म्हणजे एक पट्टी. ओळीवर कुठेही बोट टेकवलं की पट्टीचा फोटो उघडायला हवा. शेतात राबलेल्या बोटाला बारीक लिंक सापडत नाही हो! मग काय, प्रत्येक सेलला वेगळा लिसनर? छे! सेलवरचा क्लिक ओळीतून टेबलापर्यंत आपसूक वर चढतो, त्यालाच बबलिंग म्हणतात. टेबलाला एकच लिसनर, आत ‘इव्हेंट.टार्गेट.क्लोजेस्ट’नं ओळ शोधायची. हंगामात नव्या ओळी आल्या तरी कोड तोच. फक्त ‘खोडा’ बटणाचा सेल आधी तपासायचा, नाहीतर खोडता खोडता फोटोही उघडतो. बाबांनी विचारलं, “खोडलेली पट्टी परत येते का रे?” आता ओळ पुसत नाही, नुसती लपवतो.