‘असतो’चे इंग्रजी

टिटवाळ्याला काळूत डुंबून परतलो, की अण्णा तर्खडकरांची पाठमाला घेऊन ओटीवर बसलेले असत. “‘तू आला असतास, तर मी थांबलो असतो’, कर इंग्रजी!” मी दोन्हीकडे ‘वुड हॅव’ घाली. दोष माझा नव्हे, मराठीचा! आपला ‘असतो’ दोन्ही पायांत पैंजणासारखा वाजतो. इंग्रजीत मात्र ‘इफ’च्या घरी ‘हॅड’ नांदायचा. ‘वुड हॅव’चा संसार पलीकडे. ‘इफ यू हॅड कम, आय वुड हॅव वेटेड’.

अण्णा गेले त्या दिवशी कल्याणला माझी कसारा लोकल चुकली. पोहोचलो तेव्हा अंगणात माणसे जमली होती.

परवा नातीने विचारले, “आजोबा, ‘यायला हवे होते’ कसे म्हणायचे?”

“‘शुड हॅव कम’,” म्हणालो, आणि चष्मा पुसू लागलो.