डिझेलचा हिशोब

देवनार ते फोर्ट, जाऊन-येऊन रोज ३६ किलोमीटर. माझी टर्बो-पेट्रोल हॅचबॅक पांजरापोळहून फ्रीवेला लागली की सुसाट. ऑरेंज गेटला उतरलं की रांग. सरासरी लिटरला १०.

‘डिझेल घे,’ बाबांचं ठरलेलं उत्तर. त्यांच्या काळी ते बरोबरच होतं. पण ऑक्टोबर २०१४मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले, पेट्रोलशी असलेला फरक आटला. एप्रिल २०२०पासून बीएस-६ आलं, डिझेल इंजिनं महागली. मारुतीने तर ती बंदच केली.

तरी हिशोब मांडला. महिन्याला ८०० किलोमीटर. पेट्रोलचे ८,३०० रुपये. लिटरला १६ देणाऱ्या डिझेलचे ४,५००. वाचले ३,८००. गाडी बदलायला वर घालायचे तीन लाख. वसूल व्हायला साडेसहा वर्षं! आणि डम्पिंग ग्राउंडच्या शेजारी राहून हवेत आणखी धूर सोडायचा, तो वेगळाच.

मग तिसरा आकडा काढला. आठवड्यातले तीन दिवस गोवंडीहून हार्बर लोकल, दोन दिवस गाडी. पेट्रोलचे जवळपास ५,००० वाचतात. पासाचे पैसे वजा केले तरी डिझेलपेक्षा जास्तच.

लोकलमध्ये चेंगरायला होतं, खरंय. पण मंगळवारी आणि शुक्रवारी फ्रीवे माझा असतो. बाबांना आकडे दाखवले. म्हणाले, ‘पास फर्स्ट क्लासचा काढ.’