सोपाऱ्याची माती

आईला पुरायचं होतं तेव्हा आबांचीच कबर उघडली. दफनभूमीत जागा थोडी, आमच्याकडं रीतच तशी. आबांना जाऊन अठरा वर्षं झालेली. खणणाऱ्यानं हाडं वर काढून माझ्या हातातल्या पांढऱ्या फडक्यात ठेवली. केळीचे घड डोक्यावर घेऊन वसईचा बाजार गाठणारा माणूस, आणि ओझं दोन फण्यांएवढं.

तेव्हापासून ओडोरिकची गोष्ट मला निराळी वाटायला लागली.

1321 साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. तोलेंतिनोचा तोमास, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री. निघाले होते चीनला. ठाण्यात एका ख्रिस्ती घरी उतरले. त्या घरात नवरा-बायकोचं भांडण झालं, बाई काझीकडं गेली आणि साक्षीला साधूंची नावं सांगितली. दुसऱ्याच्या भांडणात साक्षीला जाऊ नये, असं आबा म्हणत. साक्ष राहिली बाजूला, धर्माचा वाद पेटला आणि चौघांचे जीव गेले.

त्यांचा सोबती जॉर्डन भडोचच्या वाटेवर होता. तो मागं फिरला, देह आणून सोपाऱ्यात पुरले. आमचं सोपारं! लहानपणी तिथल्या बुरुड राजाच्या कोटावर आम्ही सायकलनं चिंचा पाडायला जायचो. त्या कोटातच 1882 साली भगवानलाल इंद्रजींना बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानलेले तुकडे मिळाले. या चौघांची जागा मात्र मला कुणी दाखवू शकलेलं नाही.

काही वर्षांनी ओडोरिक हा इटालियन साधू आला. हाडं उकरली, कापडात बांधली आणि जहाजावर चढला. मध्येच वारा पडला. सगळ्यांच्या प्रार्थना झाल्या, काही हलेना. शेवटी त्यानं एक हाड गुपचूप समुद्रात टाकायला लावलं, नि वारा सुटला, असं तोच सांगतो. खरंखोटं तो जाणे. बाकीची हाडं चीनच्या झैतून बंदरातल्या मठात पोचली. जिवंतपणी जिथं जायचं होतं तिथं गेले म्हणायचे. तोमासचं डोकं मात्र त्याच्या गावी, तोलेंतिनोला परतलं. 1894 साली पोप तेराव्या लिओंनी त्याला धन्य मानण्यास मान्यता दिली. भाषा जाणणारा दिमित्री, त्याला कोण विचारतं?

ओडोरिकनं आणखी एक लिहिलंय. मारल्या जागेची माती लोक पाण्यात कालवून दुखण्यावर पीत, ख्रिस्ती नसलेलेसुद्धा.

आबांचं फडकं मी आईच्या पायाशी ठेवलं आणि मूठभर माती टाकली. घरी आल्यावर सगळ्यांनी लगेच हातपाय धुतले. मी अंधार पडल्यावर धुतले.