न भांडणाऱ्याचे गुण

थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात हा प्रश्न या ना त्या रूपात येतोच. कार्नो इंजिन, वरचं तापमान 327 अंश सेल्सिअस, खालचं 27, कार्यक्षमता काढा. केल्विनमध्ये 600 आणि 300, म्हणून उत्तर 50 टक्के. सेल्सिअसचेच आकडे घातले तर येतात सुमारे 92 टक्के. पुढे विचारलेलं असतं, 1,000 किलोज्यूल उष्णतेतून कार्य किती मिळेल? मुलगा आपल्या 92 टक्क्यांनी गुणून 920 लिहितो. या दुसऱ्या भागाचे गुण त्याला द्यायचे का?

टीचिंग असिस्टंट, म्हणजे टीए, म्हणून पेपर तपासताना मी देते. एका चुकीची शिक्षा एकदाच. माझ्या काही सहकाऱ्यांना हे पटत नाही. 92 टक्के बघूनही ज्याला शंका येत नाही त्याला काहीच कळलेलं नाही, असं ते म्हणतात. त्यांचंही खोटं नाही. पण जे ठरेल ते पेपरांचा गठ्ठा सोडण्याआधी ठरायला हवं आणि शेवटच्या पेपरापर्यंत तेच राहायला हवं.

पवईच्या आयआयटीत एमटेकच्या मुलांना गेट परीक्षेच्या जोरावर महिन्याला 12,400 रुपये मिळतात आणि त्याबदल्यात आठवड्याला आठ तास टीएचं काम. मिडसेम परीक्षेनंतर ते तास कोण मोजतंय म्हणा! तपासताना एका टीएकडे एकच प्रश्न असावा, म्हणजे सगळ्या वर्गाला एकच माप लागतं. तरी मध्येच एखादी पोरगी अशा रीतीने गणित सोडवते, की आपल्या गुणांच्या तक्त्यात तिला जागाच नसते. तक्ता बदलला की आधीचे पेपर पुन्हा बघणं आलं. रात्री अकराला हे जिवावर येतं.

खरी कसोटी क्रिबच्या दिवशी. मुलं आपापला पेपर बघून गुणांसाठी वाद घालतात. समोर आम्हीच असतो, सर नंतर. काहीजण वकिली थाटात येतात, काहीजण रडवेले. आमच्याकडचा एखादा हळूच म्हणतो, ‘‘ताई, दोनच मार्क बघा ना!’’ मराठी ऐकून जीव सुखावतो, मार्क मात्र वाढत नाहीत. ट्यूटोरियललाही कुणी मराठीत अडलं तर मी समजावते, पण शंका फळ्यावर सगळ्यांसाठी इंग्रजीत पुन्हा मांडते. शेजारच्या तेलुगू मुलालाही तीच शंका असते, फक्त त्याने विचारलेली नसते.

क्रिब कधीकधी रास्त असते. घाईत एखादी योग्य पायरी नजरेतून सुटते, हे तपासणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अशा वेळी समोरच्याचे गुण वाढवून मोकळं होणं सोपं. पण तीच पायरी आणखी कुणीकुणी लिहिलेली असते, आणि त्यातले निम्मे भांडायला येतच नाहीत. कुणी बुजरा, कुणाला जे मिळालं ते बरोबरच वाटतं. आयआयटीत एकेका गुणाने एए आणि एबी ग्रेडमध्ये फरक पडू शकतो. त्यामुळे एकाचीच दुरुस्ती करणं म्हणजे गप्प बसलेल्याचे गुण कापण्यासारखंच आहे.

नव्याने टीए होणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं: क्रिब मान्य केलीत, तर खोली रिकामी झाल्यावर तो गठ्ठा पुन्हा सोडा. न आलेल्यांचे पेपर आधी बघा.