सैनिक आणि चित्र

आमचे घर भिलाईला. सुट्टीत बाबांबरोबर सिव्हिक सेंटरच्या नेहरू आर्ट गॅलरीत जातो. तिथेच त्यांनी मला ड्रेस्डेनची हकिकत सांगितली.

फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांत हे जर्मन शहर बेचिराख झाले. राफाएलचे ‘सिस्टीन मॅडोना’ हे चित्र आधीच बाहेर हलवले होते, म्हणून वाचले. सोव्हिएत सैन्याने ते मॉस्कोला नेले आणि १९५५ मध्ये एकेकाळच्या शत्रूला परत दिले. भिलाईच्या पोलाद कारखान्याचा सोव्हिएत करारही त्याच वर्षीचा.

युद्धात कलावस्तू जपण्याचा हेग करार १९५४ चा. भारतही त्यात आहे. उद्या अधिकारी झालो, तर शत्रूच्या गावातले संग्रहालयही माझी जबाबदारी असेल. ऐन लढाईत तेवढे भान मला राहील का? रोजची शिस्त शिकतो आहे, ती त्यासाठीच.