अम्मीचं मत

'खान हवा की बाण' ही घोषणा परभणीत वाढलेल्या माझ्या पिढीला कुणी शिकवावी लागली नाही. निवडणूक आली की ती जीपच्या भोंग्यातून थेट घरात यायची. अम्मी उठून खिडकी लावून घ्यायची.

२०२४ च्या लोकसभेला, २६ एप्रिलच्या मतदानासाठी, माझी ड्यूटी जिल्ह्यातल्याच एका खेड्यात लागली. आदल्या रात्री शाळेच्या व्हरांड्यात आम्ही अंथरुणं टाकली होती. पाणी घेऊन आलेल्या गावकऱ्यांच्या आपसात गप्पा चालल्या होत्या. सोयाबीनचा पडलेला भाव, मराठा आरक्षण, फुटलेले पक्ष. एक म्हातारे म्हणाले, "मागच्या दोन खेपेला मोदींकडं बघून मत दिलं. यंदा सोयाबीनकडं बघून देणार." मी गप्प ऐकत होतो. ड्यूटीवरच्या माणसाने बोलायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी साहित्य जमा करून घरी पोचलो तेव्हा मध्यरात्र उलटली होती. अम्मी जागीच होती. शाई लागलेलं बोट दाखवत हळूच म्हणाली, "बेटा, मैं मशाल कू डाली."

मी बघतच राहिलो. यंदा मशीनवर बाण नव्हता, मशाल होती. पण उमेदवार तोच, बाणावर दोनदा निवडून आलेला.

"सब भूल गई क्या?"

"भूली नई. पर इस बार डर किसका ज्यादा है, वो देखी."

निकाल लागला. परभणीत मशाल लाखाहून अधिक मतांनी आली. राज्यात आघाडीला ४८ पैकी ३० जागा मिळाल्या, भाजप २३ वरून ९ वर आला. मग 'व्होट जिहाद' हा शब्द निघाला. सोयाबीनकडे बघून दिलेलं मत म्हणजे शेतकऱ्याचा रोष, आणि अम्मीने तीस वर्षांची भीती गिळून दिलेलं मत म्हणजे जिहाद! ज्यांना ते मिळालं त्या आघाडीनेही ४८ जागांवर एकही मुस्लिम उमेदवार दिला नव्हता. तरीही आम्ही रांगेत उभे राहिलो होतो.

नोव्हेंबरात विधानसभेला वारं पुन्हा फिरलं. मधल्या काळात लाडक्या बहिणींच्या खात्यात दीड हजार येऊ लागले होते. महायुतीने २८८ पैकी २३० जागा जिंकल्या. स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याने हसत विचारलं, "काय सर, तुमची मतं कमी पडली का?"

"माझं एकच होतं," मी म्हणालो, "ते दिलं."

तो ओशाळला. मग आम्ही चहा घेतला. माणूस वाईट नाही. फक्त त्याच्या घरात सहा मतं असतात आणि माझ्या घरात एक गठ्ठा, असं त्याला कुणीतरी शिकवलंय.

त्या वेळी कुणाला मत दिलं, हे मी अम्मीला विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.