बोट आली की गोळी

मी आशा कार्यकर्ती. एडवण-कोरेच्या किनारपट्टीवर कुणाच्या घरी कधी जायचं ते मी कालनिर्णय बघून ठरवते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याला ओढ नसते, डोल जाळं लावून हाती काही लागत नाही. मग पुरुष घरी. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला ते समुद्रात आणि बायका बोंबील वाळवण्यात. मी उधाणाला जाते. सासू ओट्यावर असली तर लसीकरणाचं रजिस्टर उघडायचं, निरोध-गोळ्यांची पाकिटं पिशवीच्या तळाशी.

आशाने ही गर्भनिरोधक साधनं घरपोच द्यायची, असं सरकारने २०११ साली ठरवलं. तीन निरोधच्या पाकिटाला १ रुपया, माला-एन गोळ्यांच्या पत्त्यालाही १ रुपया, तातडीच्या गोळीला २ रुपये. पैशांवरून कुणी अडत नाही. अडतं ते नवऱ्याच्या येण्याजाण्यावरून. पत्त्यात २८ गोळ्या असतात, २१ पांढऱ्या आणि ७ लोहाच्या. महिन्याने गेले तर पत्त्यात मध्ये मध्येच भोकं पडलेली. "अगं, या का राहिल्या?" तर म्हणते, "ताई, हे बोटीवर होते ना. मग खाऊन काय करू?" बोट आली की गोळी, बोट गेली की सुट्टी. तिच्या हिशेबात काही चूक नाही, औषध कशाला वाया घालवा! मग मी पत्ता हातात घेऊन बसते. सांगते, ही गोळी नवऱ्याच्या येण्याची वाट बघत नाही, तुझ्या अंगातलं बीज तयार होऊ देत नाही. मध्ये सोडलीस तर बीज पुन्हा तयार होणार आणि बोट नेमकी तेव्हाच लागणार. हे शेवटचं वाक्य पटतं. बाकीचं सिस्टरनी प्रशिक्षणात शिकवलेलं फारसं पोचत नाही.

खरं तर या घरांना निरोध सोयीचा. पण बाप्या माझ्या हातून पाकीट घेईल का? बायकोच्या हाती द्यायचं, तिने लपवायचं. एकीने सुक्या जवल्याच्या डब्यात ठेवलं होतं. त्या डब्याला दुसरं कुणी हात लावत नाही म्हणे. वासाचं काय, हे मी विचारलं नाही.

वार पाळणाऱ्या घरांत मी छाया सुचवते. लखनौच्या सरकारी औषध संशोधन संस्थेत शोधलेली ही गोळी, तिच्यात हार्मोन नाहीत. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे एकदाच. बहुतेकींना रविवार-बुधवार लावून देते. सोमवार, गुरुवार, शनिवार उपास नाहीतर शाकाहार, रविवार-बुधवार मासळीचे. कालवण ढवळताना गोळी आठवते.

तांबीला मात्र बायका घाबरतात. ती वर चढून छातीत जाते, ही गोष्ट इथल्या प्रत्येक पाड्यावर ऐकलेली. मी नमुन्याची तांबी तळहातावर ठेवते. काडेपेटीच्या काडीहून आखूड, खाली दोरा. ज्या गर्भपिशवीत बसवतात तिला वर छातीकडे वाटच नाही, हे चित्र काढून दाखवते. तरी आतून आजी ओरडतेच, "आमच्या वेळी कुठे होतं असलं?" त्यांच्या वेळी आठ-आठ बाळंतपणं होती, पण ते आजीच्या तोंडावर कसं बोलणार?

२०१७ ला अंतरा आलं. तीन महिन्यांतून एक इंजेक्शन, घरात लपवायला काही नाही, म्हणून आदिवासी पाड्यांवर ते लगेच आवडलं. पण अडचण निघालीच. काहींची पाळी थांबते. मग सासूला वाटतं दिवस गेले, शेजारणीला वाटतं रक्त आत साठतंय. शिवाय दिवाळीनंतर कुटुंबच्या कुटुंबं वीटभट्टीवर जातात आणि पुढचा डोस नेमका तेव्हा येतो. मी कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देते, आधारकार्डाबरोबर ठेव म्हणते. तारखेच्या आधी दोन आठवडे, नंतर चार आठवडे चालतं. भट्टीजवळच्या सरकारी दवाखान्यात कार्ड दाखवायचं. भिवंडीकडून फोन येतो, "ताई, इथली बाई विचारते, तू कुठली?" मी म्हणते, फोन तिच्याकडे दे.

गंमत म्हणजे एक गोळी सासवा स्वतःहून मागतात. नवरात्रात आशापुरीच्या देवळात जायचं असतं, सुनेची पाळी नेमकी तेव्हा येणार असते, मग "पुढे ढकलायची गोळी आहे का गं?" ती आमच्याकडे मिळत नाही, त्यासाठी डॉक्टरांना विचारा म्हणते. पण त्या निमित्ताने बसते थोडा वेळ. गोळीने पाळी पुढे जाते हे त्यांना चालतं, तर पाळणाही लांबतो म्हटलं की आधी गप्प होतात, मग सुनेला चहा टाकायला सांगतात.

पुरुष नसबंदीचं विचाराल तर टाका नाही, त्याच दिवशी घरी, हे सगळं मी सांगते. बायकाच म्हणतात, "नको, त्यांना जाळी ओढायची असतात." मग बायकांचे हंडे आणि मासळीच्या पाट्या काय आपोआप चालत येतात?

१ जूनपासून मासेमारी बंद होते. दोन महिने सगळ्या बोटी किनाऱ्यावर, सगळे पुरुष घरात. म्हणून मे महिन्यातच मी निरोधची मागणी वाढवून देते. एवढी कशाला, असं विचारणारा कुणीतरी दरवर्षी भेटतो. मी बोटींकडे बोट दाखवते.